दार, खिडकी आणि डेटा

कलाहारी वाळवंटाच्या रखरखाटात शिकारीला निघालेल्या सान या मूळनिवासी लोकांना वाटेत हूडिया नावाची काटेरी, रसाळ वनस्पती मिळायची. तिचं खोड तासून तुकडा चघळला की भूक आणि तहान दोन्ही मरायच्या. हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेलं होतं आणि ते कुणा एकाच्या मालकीचं नव्हतं. १९९०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेनं या वनस्पतीतला भूक मारणारा घटक वेगळा काढला, त्याचं पेटंट घेतलं आणि वजन कमी करणाऱ्या उत्पादनासाठी एका ब्रिटिश कंपनीला परवाना दिला. सान लोकांच्या कानावर यातलं काहीही नव्हतं. २००१ मध्ये प्रकरण वर्तमानपत्रांत आलं, तेव्हा हे लोक आता उरलेच नाहीत असा आपला समज होता, असं त्या कंपनीच्या प्रमुखांनी सांगितलं. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोत्स्वाना आणि अंगोला मिळून त्या वेळी सुमारे एक लाख सान लोक हयात होते.

२००३ मध्ये करार झाला आणि नफ्यातला वाटा सान समाजाला मिळेल असं ठरलं. उत्पादन काही बाजारात आलं नाही, त्यामुळे फारसे पैसेही आले नाहीत. पण एक धडा मिळाला होता. पुढे २०१० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या माणसांच्या जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्याबरोबर काही सान वृद्धांचे नमुने होते. त्या वृद्धांची वैयक्तिक संमती घेतलेली होती. सान समाजाच्या प्रातिनिधिक संस्थांना मात्र कुणी विचारलं नव्हतं. सान नेत्यांचं म्हणणं सरळ होतं. जनुकांतून जे निघतं ते एका माणसापुरतं राहत नाही, ते साऱ्या समाजाबद्दल बोलतं; मग समाजाला का विचारलं नाही?

या साऱ्या अनुभवातून २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या सान समाजानं स्वतःची संशोधन-नीतिसंहिता जाहीर केली. आफ्रिकेतल्या एखाद्या मूळनिवासी समाजानं लिहिलेली ही अशी पहिली संहिता मानली जाते. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी आणि योग्य प्रक्रिया अशी पाच मूल्यं तिच्यात आहेत. आंद्रिस स्टीनकाम्प या दिवंगत सान नेत्याची एक कल्पना तिच्या मुळाशी आहे. संशोधकांनी घरात यावं, पण दारानं यावं, खिडकीतून शिरू नये, असं ते सांगत. दार म्हणजे समाजानं ठरवलेली विचारण्याची रीत.

ही संहिता कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लिहिलेली नव्हती. तरीही आज आफ्रिकेत या तंत्रज्ञानाच्या नीतीवर जो वाद चालू आहे, त्याचा गाभा मला या दार-खिडकीच्या दाखल्यात दिसतो. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे हवेतून उगवलेली हुशारी नव्हे. लाखो चेहरे, आवाज, वाक्यं, व्यवहार यंत्रासमोर ठेवले जातात. त्यातल्या खुणा गिरवत यंत्र अंदाज बांधायला शिकतं. म्हणजे कच्चा माल माणसांचा असतो. तो कुणाकडून घेतला, कसा घेतला, घेताना काय सांगितलं आणि त्याच्या बदल्यात काय दिलं, हे प्रश्न यंत्र कितीही चलाख झालं तरी मागे उरतातच.

नैरोबीतली रांग

२०२३च्या जुलै महिन्याच्या अखेरीस नैरोबीतल्या केनियाटा आंतरराष्ट्रीय संमेलन केंद्राबाहेर लांबच लांब रांगा लागल्या. आत चेंडूएवढा चकचकीत धातूचा गोल होता. त्याच्यासमोर उभं राहायचं, डोळे उघडे ठेवायचे. गोल बुबुळांची प्रतिमा टिपायचा. मोबदल्यात वर्ल्डकॉइन या नव्या आभासी चलनाची नाणी मिळायची. त्यांची किंमत त्या वेळी सुमारे सात हजार केनियन शिलिंग होती. महागाईनं आणि बेकारीनं पिचलेल्या शहरात ही रक्कम लहान नव्हती. बघता बघता साडेतीन लाखांच्या आसपास केनियन लोकांनी डोळे दाखवले.

या प्रकल्पाच्या संस्थापकांत ‘ओपनएआय’चे प्रमुख सॅम ऑल्टमन होते. हेतू असा सांगितला गेला की, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगात समोरचा माणूस आहे की यंत्र हे ओळखायला प्रत्येकाकडे ‘माणूसपणाचा’ पुरावा हवा आणि बुबुळ हा सर्वांत पक्का पुरावा आहे. हेतू खराही असेल. पण रांगेतल्या माणसाला त्यातलं काय ठाऊक होतं? आपल्या बुबुळाचं पुढे काय होणार, ते कोणत्या देशात साठवणार, उद्या काढून घ्यायचं म्हटलं तर कुणाकडे जायचं? २ ऑगस्ट २०२३ रोजी केनिया सरकारनं प्रकल्पाचं काम थांबवलं. पुढे ‘कतिबा इन्स्टिट्यूट’ ही राज्यघटनेच्या अंमलबजावणीसाठी झटणारी संस्था न्यायालयात गेली. मे २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं निकाल दिला की, लोकांच्या खासगी आयुष्यावर काय परिणाम होईल याचं मूल्यमापन आधी केलेलं नाही आणि नाण्यांचं आमिष दाखवून मिळवलेली संमती वैध नाही. गोळा केलेला बायोमेट्रिक डेटा सात दिवसांत, डेटा संरक्षण आयुक्तांच्या देखरेखीखाली नष्ट करा, असा आदेश झाला.

इथे संमती या शब्दाकडे जरा नीट पाहायला हवं. कायद्यातली संमती म्हणजे मोकळ्या मनानं, सगळं समजून, नकाराची मुभा असताना दिलेला होकार. ज्याच्या घरात संध्याकाळच्या उगालीसाठी मक्याचं पीठ नाही, त्याच्यापुढे सात हजार शिलिंग ठेवून ‘तुमची हरकत नाही ना?’ असं विचारलं तर होकार येणारच. बोट उमटतं, खूण पडते, कागद पूर्ण होतो. पण नकार परवडत नसेल तर होकाराला काय मोल? शिवाय पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, बुबुळ बदलता येत नाही. एकदा दिलेलं बुबुळ आयुष्यभरासाठी दिलेलं असतं.

गळ्यातली डबी

खासगीपणा ही पाश्चात्त्यांची चैन आहे, आफ्रिकेत लोक एकत्र राहतात, त्यांना त्याचं काय, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी ‘किपांडे’ची गोष्ट वाचावी. १९२०च्या सुमारास केनियातल्या वसाहती सरकारनं प्रत्येक प्रौढ आफ्रिकी पुरुषाला ओळखपत्र सक्तीचं केलं. त्यावर नाव, जमात, बोटांचे ठसे आणि आजवर कुणाकडे नोकरी केली त्याची नोंद असे. पुरुष ते पत्र धातूच्या डबीत घालून गळ्यात अडकवून हिंडत. गोऱ्या मालकाच्या सहीशिवाय नोकरी सोडता येत नसे. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या राजवटीनं पासबुकावरून ठरवलं की काळ्या माणसानं कोणत्या रस्त्यावर, किती वाजेपर्यंत असावं. रवांडात बेल्जियन सत्तेनं १९३०च्या दशकात ओळखपत्रांवर हुतू, तुत्सी असे शिक्के मारले. १९९४च्या वंशसंहारात रस्त्यारस्त्यांवर नाकी उभारून तीच ओळखपत्रं तपासली गेली आणि एका शब्दावर माणसं मारली गेली. माणसाची नोंद करणं, त्याचं वर्गीकरण करणं ही जोखमीची गोष्ट आहे, हे आफ्रिकेला संगणकाच्या कितीतरी आधी कळलेलं आहे.

म्हणूनच २०१९ मध्ये केनिया सरकारनं ‘हुदुमा नंबा’ ही राष्ट्रीय ओळख-योजना आणली, तेव्हा सर्वांत आधी सावध झाले ते न्यूबियन. त्यांच्या पूर्वजांना ब्रिटिशांनी सुदानातून सैनिक म्हणून आणलं आणि नैरोबीजवळ किबेरात वसवलं. शंभर वर्षं उलटली तरी साधं ओळखपत्र मिळवायला न्यूबियन तरुणांना चौकशी-समित्यांपुढे उभं राहून आपण केनियनच आहोत हे पटवावं लागे. आता सगळ्या सरकारी सेवा एका क्रमांकाला जोडल्या आणि ज्याच्याकडे मुळात कागदच नाहीत त्याला क्रमांक मिळाला नाही, तर तो शाळा, दवाखाना, बँक या सगळ्यांतून एकदम बाहेर फेकला जाणार, ही त्यांची भीती होती.

‘न्यूबियन राइट्स फोरम’ आणि मानवाधिकार संस्था न्यायालयात गेल्या. या खटल्यात आपला ‘आधार’ वारंवार डोकावतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचे खासगीपणावरचे आणि आधारवरचे निकाल तिथे अभ्यासले गेले आणि एका भारतीय तज्ज्ञाची साक्षही झाली. जानेवारी २०२० मध्ये उच्च न्यायालयानं डीएनए आणि घराचं नेमकं भौगोलिक स्थान गोळा करणं घटनाबाह्य ठरवलं आणि पुरेशी कायदेशीर चौकट उभी केल्याखेरीज योजना पुढे रेटू नका असं बजावलं. तरीही सरकारनं कार्डं वाटायला सुरुवात केली. पुन्हा खटला झाला. या वेळी ‘कतिबा’बरोबर अर्जदार होते ज्येष्ठ घटनातज्ज्ञ यश पाल घई. सरकारचा बचाव असा होता की डेटा संरक्षण कायदा नोव्हेंबर २०१९चा आहे, नोंदणी त्याआधीची. ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यायालयानं हा बचाव फेटाळला. परिणामांचं मूल्यमापन आधी करा, कार्डं नंतर, असा निकाल झाला. खिडकी कंपनीचीच असते असं नाही. सरकारही खिडकीतून शिरतं आणि त्याला दाराकडे वळवणारं न्यायालय असावं लागतं.

न दिसणारे चेहरे

डेटा न विचारता घेतला जाण्याचं दुःख एक, तर डेटात आपण नसण्याचं दुःख दुसरं. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू यांनी एक साधी पण धक्कादायक चाचणी केली. बुओलाम्विनी यांचं कुळ घानाचं, गेब्रू यांचा जन्म अदिस अबाबाचा. चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या व्यावसायिक प्रणाली तपासायच्या होत्या, पण त्यासाठी गोरे-सावळे चेहरे सारख्या प्रमाणात असलेला संग्रहच उपलब्ध नव्हता. मग त्यांनी तो स्वतः तयार केला. रवांडा, सेनेगल आणि दक्षिण आफ्रिका, तसंच आइसलंड, फिनलंड आणि स्वीडन या देशांच्या संसद सदस्यांची छायाचित्रं घेतली. चेहरे झाले १,२७०. सार्वजनिक पदावरच्या लोकांची सार्वजनिक छायाचित्रं निवडली, हीसुद्धा एक नीतीची निवड होती. निकाल असा लागला की, गोऱ्या पुरुषांबाबत चूक एक टक्क्याच्याही आत होती, तर गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत एका प्रणालीची चूक ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. यंत्रानं कुणाचा द्वेष केला नव्हता. शिकताना त्याच्यापुढे जे चेहरे ठेवले, त्यात काळ्या बायकाच फार थोड्या होत्या.

मग उपाय काय? आफ्रिकी चेहरे भरपूर गोळा करा? इथेच पाय घसरतो. त्याच २०१८ साली झिम्बाब्वे सरकारनं चेहरा ओळखणाऱ्या प्रणालीसाठी क्लाउडवॉक या चिनी कंपनीशी करार केला. टीकाकारांनी विचारलं की, झिम्बाब्वेच्या नागरिकांचे चेहरे परदेशी यंत्राला गडद वर्ण शिकवण्यासाठी वापरले जाणार असतील, तर त्या नागरिकांना कुणी विचारलं? यंत्राची चूक कमी होईल, खरं आहे. पण मोर्चात चालणाऱ्या विरोधकाचा चेहरा यंत्रानं अचूक ओळखणं हे त्या विरोधकाच्या हिताचं आहे का? डेटात सामील होणं हा अर्धाच न्याय झाला. त्या डेटाचं काय होणार हे ठरवण्यात सामील होणं हा उरलेला अर्धा. इथिओपियात जन्मलेल्या संशोधक अबेबा बिर्हाने यांनी ‘अल्गोरिदमच्या वसाहतवादा’बद्दल लिहिलं आहे, ते याच अर्थानं. वसाहतीच्या काळात खनिजं गेली, आता लोकांचे व्यवहार आणि वर्तन जातं. बनवलेली वस्तू तेव्हासारखीच परत विकायला येते.

यंत्रामागचे हात

या उद्योगात आफ्रिकेतून आणखी एक गोष्ट जाते, ती म्हणजे श्रम. यंत्राला शिकवायचं तर कुणीतरी एकेका चित्रावर, वाक्यावर खूण करून द्यावी लागते: ही शिवी, ही धमकी, हा रस्ता, ही गाय. २०२३च्या जानेवारीत ‘टाइम’ नियतकालिकानं उघड केलं की, चॅटजीपीटीला घाणेरडा मजकूर ओळखायला शिकवण्यासाठी सामा या कंपनीच्या नैरोबीतल्या कार्यालयात लोक नेमले होते आणि त्यांच्या हाती तासाला १.३२ ते २ डॉलर पडत. दिवसभर वाचायचं काय, तर बालकांवरचे अत्याचार, खून, आत्महत्या यांची वर्णनं. आपल्या पडद्यावर यंत्र सभ्यपणे बोलतं, कारण दुसऱ्या कुणीतरी ती घाण आधी वाचून बाजूला काढलेली असते.

फेसबुकवरचा मजकूर तपासणाऱ्यांचं कामही असंच. डॅनियल मोटाउंग या दक्षिण आफ्रिकी तरुणानं मे २०२२ मध्ये नैरोबीत खटला भरला. पुढे शंभरावर सहकारी स्वतंत्रपणे न्यायालयात गेले. १ मे २०२३ रोजी, कामगार दिनी, दीडशेहून अधिक जणांनी नैरोबीत जमून आफ्रिकी मजकूर-तपासनिसांची संघटना उभी करायचा ठराव केला. खटल्यात दाखल झालेल्या वैद्यकीय अहवालांनुसार १४० हून अधिक जणांना आघातानंतरचा तीव्र मानसिक विकार जडलेला होता. ‘ही माणसं आमची नाहीत, कंत्राटदाराची आहेत आणि आम्ही केनियात नाही’ असा पवित्रा फेसबुकची मालक मेटा या कंपनीनं घेतला. सप्टेंबर २०२४ मध्ये केनियाच्या अपील न्यायालयानं तो मान्य केला नाही. कंपनीवर केनियात खटला चालू शकतो, असं न्यायालयानं म्हटलं. गिरणीच्या फाटकावरच्या बदली कामगारांचा इतिहास ज्या मराठी वाचकाला ठाऊक आहे, त्याला या भांडणाचं मोल वेगळं समजावून सांगायला नको. कामाची सावली जिथे पडते तिथेच जबाबदारी धरली पाहिजे, एवढीच मागणी तेव्हाही होती.

भाषेची मालकी

आतापर्यंतच्या कथा खिडकीच्या झाल्या. दाराच्या कथाही आफ्रिकेत आहेत आणि त्या मला अधिक मोलाच्या वाटतात.

आफ्रिकेत दोन हजारांच्या आसपास भाषा बोलल्या जातात. यंत्रांना त्यातल्या मोजक्याच येतात. संगणकशास्त्रज्ञ अशा भाषांना ‘अल्पसाधन’ म्हणतात, म्हणजे ज्यांचा मजकूर आंतरजालावर थोडा आहे. ही उणीव भरून काढायला कुणी मोठी कंपनी येईल याची वाट न पाहता काही तरुण संशोधक एकत्र आले आणि ‘मसाखाने’ नावाचं जाळं उभं राहिलं. झुलू भाषेत या शब्दाचा भाव ‘आपण मिळून बांधू’ असा आहे. २०२०च्या त्यांच्या शोधनिबंधापर्यंत वीसहून अधिक देशांतले चारशेवर लोक त्यात सामील झाले होते. त्यात संगणकतज्ज्ञ होते, तसे भाषांतरकार होते, विद्यार्थी होते, नुसते भाषेवर जीव असलेले लोकही होते. भाषा बोलणारा माणूस नमुना म्हणून नाही, सहलेखक म्हणून सामील होईल, हा त्यांचा आग्रह.

पण चांगला हेतू असला की दार आपोआप उघडतं असंही नाही. सुरुवातीला मसाखानेच्या अनेकांनी एका ख्रिस्ती पंथाच्या मासिकांतून तयार झालेला, तीनशेहून अधिक भाषांचा मोठा मजकूरसंग्रह वापरला. बहुतेक आफ्रिकी भाषांसाठी दुसरं काही मिळतच नव्हतं. नंतर ध्यानात आलं की मूळ मजकुराच्या हक्कधारकांची परवानगी नाही. परवानगी मागितली, ती मिळाली नाही आणि संग्रह मागे घेतला गेला. काम अडलं. तरी ही अडचण बरीच शिकवून गेली. आपल्या भाषेचा डेटा आपल्यालाच, विचारून, उभा करावा लागेल.

रवांडात महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ‘उमुगांडा’ असतो. सगळ्यांनी मिळून रस्ता दुरुस्त करायचा, झाडं लावायची, गटारं साफ करायची. श्रमदानाची ही रीत आपल्याला परकी नाही. ‘डिजिटल उमुगांडा’ नावाच्या एका रवांडन गटानं तीच कल्पना आवाजाला लावली. लोकांनी मिळून किन्यारवांडा भाषेतली वाक्यं वाचायची आणि ती मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ या खुल्या संग्रहाला द्यायची. पाहता पाहता दोन हजार तासांच्या वर आवाज जमला आणि एका लहानशा देशाची भाषा जगातल्या मोठमोठ्या भाषांच्या पंक्तीत जाऊन बसली. मराठीही त्या संग्रहात आहे, पण किन्यारवांडाच्या जवळपासही नाही. बोलणारे आपण आठ कोटींवर आहोत, हे लक्षात घेतलं की ही तुलना टोचते.

खुल्या संग्रहाला एक दुसरी बाजूही आहे. तिथला आवाज कुणीही, कशासाठीही, कोणतीही अट न पाळता वापरू शकतो. गावातल्या आजीनं श्रमदान म्हणून दिलेला आवाज परदेशातल्या श्रीमंत कंपनीनं उचलला, त्यावर उत्पादन बनवलं आणि त्याच गावाला विकलं, तरी नियम मोडत नाही. प्रिटोरिया विद्यापीठातल्या कायदेतज्ज्ञांनी यावर ‘न्वुलिते ओबोदो’ नावाचा परवाना तयार केला. इग्बो भाषेतल्या या शब्दांचा आशय ‘समाजाला वर उचलणं’ असा आहे. विकसनशील देशांतल्या वापरकर्त्यांना डेटा मोकळा ठेवायचा आणि इतरांनी तो वापरताना लाभातला वाटा समाजाला द्यायचा, ही त्यामागची विचारसरणी. हूडियाच्या कराराची आठवण इथे येते. तेव्हा वाटा मागावा लागला होता, तोही उशिरा. आता तो आधीच कागदावर लिहून ठेवता येतो.

‘आम्ही’ म्हणजे कोण?

या सगळ्या प्रयत्नांमागे एक जुनं शहाणपण आहे, ‘उबुंटू’. माणूस माणूस होतो तो इतर माणसांमुळे, असा त्याचा थोडक्यात आशय. युरोपातला खासगीपणाचा कायदा बहुतेक करून एकट्या व्यक्तीपासून सुरू होतो: माझी माहिती, माझी संमती, माझा हक्क. सान संहिता आणि उबुंटूचा विचार तिथे भर घालतात. माझ्या जनुकांत माझे भाऊबंद आहेत, माझ्या बोलीत माझं गाव आहे, माझ्या कर्जफेडीच्या नोंदीवरून यंत्र माझ्या वस्तीतल्या दुसऱ्या माणसाचं कर्ज नाकारू शकतं. मी एकट्यानं ‘हो’ म्हटलं तरी परिणाम अनेकांवर होतो. हा विचार केवळ आफ्रिकेपुरता खरा नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेचं कामच समूहातल्या खुणा शोधण्याचं असल्यामुळे तो सगळीकडे खरा आहे. आफ्रिकेनं तो आधी बोलून दाखवला एवढंच.

मात्र ‘समाज’ हा शब्द हातात आला की तो कोण वापरतो हेही पाहावं लागतं. समाजाच्या वतीनं कोण बोलणार, मुखिया की मंत्री? बायकांचं, तरुणांचं, न्यूबियनांसारख्या अल्पसंख्याकांचं मत त्यात येणार का? ‘देशहितासाठी’ म्हणून व्यक्तीचा नकार दाबला जाऊ लागला, तर उबुंटूचं नाव आणि वसाहतवाद्यांची डबी यांत फरक उरणार नाही. म्हणून समाजाची संमती व्यक्तीच्या संमतीच्या जागी येत नाही, तिच्याबरोबर येते. दोन्ही कड्या वाजवाव्या लागतात.

कायदाही हळूहळू त्या दिशेला सरकतो आहे. १९८१च्या मानवी आणि लोकांच्या हक्कांच्या आफ्रिकी सनदेत खासगीपणाचा हक्क स्पष्टपणे लिहिलेलाच नव्हता. आफ्रिकी संघानं २०१४ मध्ये मलाबो इथे सायबर सुरक्षा आणि वैयक्तिक डेटा संरक्षणाचा करार केला. पण पंधरा देशांनी मंजुरी देऊन तो लागू व्हायला जून २०२३ उजाडला. दरम्यान २०२१ मध्ये मानवाधिकारविषयक आफ्रिकी आयोगानं कृत्रिम बुद्धिमत्तेवर ठराव केला. त्यात उबुंटूसारख्या मूल्यांचा आणि एका जनसमूहावर दुसऱ्याचं वर्चस्व नसावं या तत्त्वाचा उल्लेख आहे. जुलै २०२४ मध्ये आफ्रिकी संघानं खंडाचं कृत्रिम बुद्धिमत्ता धोरण स्वीकारलं. त्याच महिन्यात नायजेरियाच्या स्पर्धा आणि ग्राहक संरक्षण आयोगानं, वापरकर्त्यांचा डेटा हाताळण्यावरून मेटा कंपनीला २२ कोटी डॉलरचा दंड ठोठावला. धोरणाचा कागद आणि दंडाची पावती यांतलं अंतर मोठं असतं. अनेक देशांत कायदा आहे, पण आयुक्त नाही. जिथे आयुक्त आहे तिथे माणसं आणि पैसा अपुरा आहे. केनियाचे निकाल म्हणूनच महत्त्वाचे ठरतात. तिथे कायद्यामागे लढणारी संस्था, ऐकणारं न्यायालय आणि आधी शंका घेणारे न्यूबियन असे तिघेही हजर होते.

आधी विचारण्याचं कारण

शेवटी एक तांत्रिक गोष्ट सांगितलीच पाहिजे. बुबुळांची फाइल पुसता येते. पण एखाद्या डेटावर यंत्र एकदा शिकून झालं की त्यातून एका माणसाचा चेहरा, एका आजीचा आवाज नेमका वेगळा काढणं अतिशय कठीण असतं. विरजण लागलेल्या दुधातून विरजण परत काढता येत नाही, तसंच हे. म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाबतीत नंतर मागितलेली माफी आणि नंतर भरलेला दंड फारसा कामाचा नाही. विचारायचं ते आधीच. काम काय आहे, त्यातून कुणाला त्रास होऊ शकतो, वाटा कसा मिळेल आणि नको असेल तर ‘नाही’ कसं म्हणायचं, हे लोकांच्या भाषेत आधी सांगायचं. केनियाच्या न्यायालयानं मागितलेलं मूल्यमापन म्हणजे हेच आणि सान लोकांनी मागितलेलं दार म्हणजेही हेच.

आपल्याकडेही मराठीचे, कोकणीचे, गोंडीचे आवाज आता यंत्रांसाठी गोळा होऊ लागले आहेत आणि ते व्हायलाच हवेत. त्या वेळी मेळघाटातल्या किंवा भामरागडातल्या एखाद्या आजीसमोर मोबाइल धरला जाईल. तिनं ओवी म्हणण्याआधी, गोष्ट सांगण्याआधी, समोरच्यानं दारात थांबून आपण कोण, कशासाठी आलो हे सांगितलं का, हे पाहणारं कुणीतरी तिच्या बाजूनं उभं असलं पाहिजे. सान संहितेतली एक मागणी मला त्यासाठी फार उपयोगाची वाटते. नेलेल्या माहितीतून काय निघालं, हे परत येऊन आम्हाला सांगा, असं ते लोक म्हणतात. आवाज नेणाऱ्यानं वर्षभरानं त्याच आजीच्या ओसरीवर येऊन बसावं आणि तिच्या आवाजानं यंत्र काय शिकलं ते तिला तिच्याच बोलीत ऐकवावं.